खूण नसलेल्या अकरा मतपत्रिका

तक्रारीची नोंद पुढीलप्रमाणे आहे. गुरुवार, दिनांक ५ मे १९८३ रोजी सकाळी आठ वाजून वीस मिनिटांनी, हॅदर्सले नगरपरिषदेच्या गॅस स्ट्रीट प्रभागातील मतदान केंद्रावर, म्हणजे चॅपलमागच्या रविवारशाळेच्या खोलीत, कुमारी डोरीन सग्डन, वय चोपन्न, यांच्या हातात एक मतपत्रिका देण्यात आली. तिच्यावर यंत्राने पाडावयाची अधिकृत खूण नव्हती. खूण नसलेले मत हे कायद्याने मतच नव्हे. त्याच दहा-पंधरा मिनिटांत आणखी दहा जणांच्या हातात अशाच कोऱ्या पत्रिका पडल्या. नगरभवनाच्या दप्तरात या साऱ्या प्रकाराची नोंद एका ओळीची आहे : 'खूण नसल्याने बाद, अकरा.' हे कोणाच्या हातून घडले, कोणाच्या डोळ्यांदेखत घडले आणि कोणाला भोवले, याबद्दल दप्तर गप्प आहे. म्हणून पुढचे लिहिणे भाग पडले.

डोरीन सग्डन ही वयाच्या पंधराव्या वर्षापासून शहरातल्या लोकरी कापडाच्या गिरणीत तपासणीच्या खोलीत बसत आलेली बाई. मागावरून उतरलेले सुटाचे कापड उत्तरेकडच्या उंच खिडक्यांखाली उतरत्या मेजावर पसरायचे, त्यावरून बोटे फिरवत जायचे, गाठ लागली की चिमट्याने काढायची आणि जिथे धागाच हरवला असेल तिथे सुईने तो असा भरून काढायचा, की विणणाऱ्यालाही जागा सापडू नये. सत्तर वारांच्या ताग्यात एक धागा कमी असला तरी डोरीनची बोटे नेमकी तिथे अडत. या कामाचा त्या खोलीतल्या बायकांना मोठा ताठा होता. मागावरच्या बायका डोक्याला फडके बांधून कामावर येत, या हॅट आणि हातमोजे घालून. डोरीनचे लग्न राहून गेले. तिला त्याचे फारसे काही वाटले नाही. वाटले ते शेजाऱ्यांना. आईचे आजारपण तिने अकरा वर्षे काढले आणि आई गेल्यावर घरात स्वयंपाक उरला तो थोरल्या भावापुरता.

हा भाऊ विल्फ. रंगखात्याच्या वाफेत बत्तीस वर्षे काढून त्याची छाती कामातून गेली होती. चार पावले चालला की थांबायचा आणि थांबण्याचे कारण म्हणून कुठेतरी बघत राहायचा. तो कालव्यापलीकडे लॉक रो नावाच्या चाळवजा ओळीत राहत असे. बहिणीच्या घरी येऊन राहा म्हटले तर त्याचे उत्तर ठरलेले : माझ्या कबुतरांना तुझ्या घरात कोणती खोली देतेस ते सांग. घरामागे त्याचे खुराडे होते, त्यात चाळीस-एक शर्यतीची कबुतरे. ती सोडून तो हलणार नव्हता.

डोरीनची गॅस स्ट्रीट अलीकडे, लॉक रो पलीकडे आणि मधे कालवा आणि रेल्वेचे रूळ. त्यावर नगरपरिषदेचा जुना लोखंडी पादचारी पूल होता. गिरणीची दुपारची सुट्टी झाली की डोरीन घरी येई, सकाळी शिजवून ठेवलेले जेवण गरम करी, ते एका ताटलीत वाढून वर दुसरी ताटली उपडी घाली, फडक्यात गाठ मारी आणि अठ्ठावन्न पायऱ्या चढून, तेवढ्याच उतरून, विल्फच्या मेजावर ठेवी. दारातून मेजापर्यंत सात मिनिटे. विल्फ ताटली उघडताच वाफ निघत असे आणि एवढ्यावरच त्या दोघांची दुपार सुखाची जाई.

"आज ग्रेव्ही कमी आहे," तो म्हणे. "पुलावर सांडलीस, की वाटेत प्यायलीस?"

"सांडली. खाली मालगाडी चालली होती. ड्रायव्हर म्हणाला, थोडं मीठ कमी आहे."

"मग त्याला अक्कल आहे म्हणायची."

हा पूल पाडायचा, असा घाट नगरसेवक टॅटरसॉल यांनी त्या हिवाळ्यात घातला. पूल गंजला आहे, वापर नाही, दुरुस्ती परवडत नाही, अशी तीन कारणे त्यांनी दिली. रस्त्याने लॉक रोला जायचे तर पावणेदोन मैलांचा वळसा आणि वाटेत एक बस बदलायची. पण टॅटरसॉल यांना लॉक रोला जायचेच नव्हते, त्यामुळे तो वळसा त्यांच्या हिशेबात नव्हता. सभागृहात पंचेचाळीस सभासद. पूल पाडावा म्हणणारे आणि राखावा म्हणणारे इतके तुल्यबळ, की गॅस स्ट्रीटची जागा ज्याची, पुलाचा निकाल त्याचा, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक होते. टॅटरसॉल यांच्याविरुद्ध लेनर्ड अॅक्रॉइड उभे होते. निवृत्त बस-निरीक्षक, सभ्य, मृदू आणि प्रत्येक दारात टोपी काढून बोलणारे. 'पूल राहील,' एवढेच त्यांच्या पत्रकावर छापले होते. डोरीनने आयुष्यात कोणाचे पत्रक वाटले नव्हते. त्या वर्षी तिने दोनशे वाटले.

मतदानाच्या दिवशी तिने गिरणीतून तासाभराची सवड मागून घेतली, कारण विल्फने मत द्यायला स्वतः येण्याचा हट्ट धरला होता. टपालाने मत देण्याचा अर्ज त्याने फाडून टाकला होता. "पूल वापरात नाही म्हणतात ना? मग पुलावरून चालत जाऊनच मत देतो," तो म्हणाला. अठ्ठावन्न पायऱ्यांना त्याने चार थांबे घेतले. वर पोचला तेव्हा त्याचे ओठ निळे पडले होते आणि तो रुळांकडे बघत असल्याचे सोंग करत होता. चॅपलशी पोचायला त्यांना चाळीस मिनिटे लागली.

आत मेजामागे बेरिल हेग बसली होती. बेरिल चॅपलमध्ये ऑर्गन वाजवते, म्हाताऱ्या आईला सांभाळते आणि दर निवडणुकीला मतदान कारकून म्हणून बसते. डोरीन तिला तीस वर्षे ओळखते. तिच्यापुढे मतदारयादी, पत्रिकांचा गठ्ठा आणि पत्रिकेवर खूण पाडण्याचे ते छोटे यंत्र. पत्रिका त्यात सरकवायची, दांडी दाबायची, खट्ट आवाज होतो, कागदावर बारीक छिद्रांची खूण उमटते. भिंतीवर सूचना डकवलेली होती आणि डोरीन ती दरवर्षी वाचत असे, कारण लावलेला कागद न वाचता पुढे जाणे तिच्या स्वभावात नव्हते : 'पत्रिका हाती घेताना तिच्यावर अधिकृत खूण असल्याची खात्री करून घ्या.'

बेरिलने यादीत नाव शोधले, पट्टीने रेघ मारली, पत्रिका यंत्रात घातली, दांडी दाबली. खट्ट झाले नाही. बेरिलची नजर यादीतल्या पुढच्या नावावर गेली होती. पत्रिका डोरीनच्या हातात आली आणि तिची बोटे कागदावरून सवयीने फिरली. कागद सपाट होता. तिने तो खिडकीकडे धरला. छिद्र नव्हते.

तिने तोंड उघडले. नेमका तेव्हाच मागून आवाज आला. नोरा क्राउदर, दोन घरे सोडून राहणारी, दवाखान्यात झाडझूड करायला जाणारी.

"अगं ए डोरीन, मत द्यायचंय की कापड तपासायचंय? माझी आठ पस्तीसची बस आहे, बाई!"

रांगेत हशा पिकला. रांगेत नऊ-दहा माणसे होती आणि सगळी कामावर निघालेली. मागे विल्फ भिंतीला टेकून श्वास गोळा करत होता. बेरिलने वर पाहून हसून म्हटले, "काही हवंय का, डोरीन?"

"नाही, काही नाही," डोरीन म्हणाली. "सॉरी हं."

हे शब्द तिने उच्चारले. या देशात पायावर पाय पडला तरी ज्याच्या पायावर पडला तोच माफी मागतो, हे खरे. पण त्या सकाळी माफी मागायची होती ती मेजाच्या पलीकडच्या बाजूने. डोरीन आडोशाला गेली, दोरीला बांधलेल्या पेन्सिलीने अॅक्रॉइड यांच्या नावापुढे फुली मारली, कागदाची घडी घातली. नियमाप्रमाणे घडीची मागची बाजू केंद्राध्यक्षाला दाखवायची असते, म्हणजे खूण त्याला दिसावी. त्याने चहाच्या कपावरून तिच्या टोपीकडे पाहून मान डोलावली. "सुरेख," तो म्हणाला. पत्रिका पेटीत पडली. मग विल्फची पडली. मग नोराची. विल्फच्या वेळीही आवाज झाला नव्हता आणि तेही डोरीनच्या कानांनी टिपले होते.

शुक्रवारी सकाळी नगरभवनात मोजणी झाली. टॅटरसॉल चार मतांनी निवडून आले. खूण नसलेल्या अकरा पत्रिका निवडणूक अधिकाऱ्याने दोन्ही उमेदवारांना उचलून दाखवल्या. नऊ फुल्या अॅक्रॉइड यांच्या नावापुढे होत्या, दोन टॅटरसॉल यांच्या. सरळ बेरीज कोणालाही करता येते : त्या मोजल्या असत्या तर अॅक्रॉइड तीन मतांनी आले असते. अधिकारी म्हणाला, "कायदा स्पष्ट आहे." अॅक्रॉइड म्हणाले, "अर्थातच." त्यांनी टॅटरसॉल यांच्याशी हस्तांदोलन केले, मोजणीदारांचे आभार मानले आणि घरी जाऊन कोबीच्या वाफ्यात काम केले.

डोरीन त्यांना त्या वाफ्यातच भेटली, शनिवारी दुपारी.

"अकराच्या अकरा चॅपलच्या पेटीतल्या होत्या ना?" तिने विचारले.

"हो. तुम्हाला कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? त्यातली एक माझी. एक विल्फची. मी पाहिलं होतं."

अॅक्रॉइड उठून उभे राहिले, गुडघ्याची माती झटकली. "तेव्हा बोलला असतात तर, मिस सग्डन, त्यांनी दुसरी पत्रिका दिली असती."

"ते मला माहीत आहे. ते ऐकायला मी आले नाही. तुम्ही कोर्टात जा. कारकुनाच्या चुकीनं निकाल फिरला तर निवडणूक रद्द होते. गिरणीतल्या युनियनच्या वकिलाला विचारून आले आहे. एकवीस दिवसांची मुदत आहे."

"मी त्यांचा हात हातात घेतला आहे."

"मग?"

"सगळ्यांसमोर. आता मागे फिरणं बरं दिसणार नाही." ते खरोखर दुःखी दिसत होते. "थोडा कोबी घेऊन जाता का?"

तिने कोबी घेतला नाही. तो न घेणे हा त्या आठवड्यातला तिचा पहिला उद्धटपणा.

विल्फला सांगणे त्याहून अवघड गेले. ताटली उघडून तो काट्याने बटाटा फोडत होता तेव्हा तिने सांगितले : पत्रिकेवर खूण नव्हती, मला दिसले होते, मी बोलले नाही आणि तुझीही तशीच गेली.

तो बराच वेळ चावत राहिला.

"म्हणजे मी त्या पायऱ्या चढलो ते कचऱ्याच्या डब्यात कागद टाकायला."

"हो."

"रांग होती म्हणून?"

"नोरा काहीतरी बोलली. सगळे हसले."

"आमची डोरीन!" तो म्हणाला. त्या मुलखात घरच्या माणसाला असेच 'आमचा', 'आमची' लावून बोलतात, प्रेमाने आणि संतापानेही. या वेळी प्रेम नव्हते. "मॅनेजरनं पास केलेला तागा तू परत त्याच्या मेजावर नेऊन आपटलेला मी पाहिला आहे. आणि तुला नोरा क्राउदरच्या बसनं अडवलं. अगं, मी तिथं वर्षभर उभा राहिलो असतो."

"तू तिथं पाच मिनिटं उभा राहिला नसतास. तुला श्वास नव्हता."

"तोंड होतं ना! मला सांगायचं." मग खोकला आला आणि तो बोलू शकला नाही. खोकला ओसरल्यावर म्हणाला, "आणि तो अॅक्रॉइड. तीस वर्षं छिद्र नसलेल्या तिकिटावर लोकांना बसमधून खाली उतरवलं त्यानं. मतपत्रिका बाद झाली तेव्हा त्याला ते योग्यच वाटलं असणार."

डोरीनला हसू आले आणि त्याचा रागही आला. उमेदवार कोर्टात जात नसेल तर चार मतदारांनी सह्या करून याचिका लावता येते, हेही वकिलाने सांगितले होते. कोर्टात ठेवावी लागणारी अनामत युनियन भरणार होती. विल्फने जेवणाची ताटली बाजूला सारून सही केली. नोरा क्राउदरने दारातच केली. "माझं मत फेकून दिलं? माझं?" ती ओरडली. "दे ते पेन. आणि मला आधी का नाही सांगितलंस? बस काय, दुसरी आली असती!" या वाक्यावर डोरीनने काय उत्तर द्यावे? तिने पेन दिले.

डोरीनची स्वतःची धरून झाल्या तीन. हवी होती चौथी.

पुढच्या दहा दिवसांत डोरीनने बत्तीस घरांची दारे ठोठावली. सगळ्यांना पूल हवा होता. बहुतेकांना अन्याय झाला असे वाटत होते. एकोणीस घरांत चहा मिळाला, पाच घरांत बिस्किटेही. सही कोणी केली नाही, कारण याचिकेत चूक कोणाची हे लिहावे लागणार होते. "बिचारी बेरिल," असे प्रत्येक दारात म्हटले गेले. बिचारीला आई सांभाळायची असते. बिचारी रविवारी ऑर्गन वाजवते. वर्तमानपत्रात नाव आले तर बिचारीने तोंड कुठे दाखवावे? पुलापलीकडे श्वासाला महाग झालेला एक माणूस आहे आणि तो बिचारा नाही काय, हे कोणाच्या डोक्यात आले नाही. कारण विल्फ समोर नव्हता आणि बेरिल रविवारी समोर असणार होती. दया या लोकांकडे भरपूर आहे. ती फक्त ज्याच्याकडे बघावे लागते त्याच्यापुरती आहे. एकाने तर डोरीनलाच समजावले, "जाऊ दे गं. कशाला उगाच बोभाटा?" बोभाटा हा त्या शहरातला सर्वांत मोठा गुन्हा. चोरी त्याच्याखाली येते.

चोवीस मेला, मुदतीला दोन दिवस उरले असता, डोरीन बेरिलच्याच घरी गेली. बेरिल केंद्रावरची कारकून असली तरी त्याच प्रभागातली मतदार होती. तिची सही चालणार होती.

बेरिलने दार उघडले आणि आत घेतले. आई शेजारच्या खोलीत झोपली होती, म्हणून दोघी हळू बोलल्या. त्या हळू बोलण्याने काही सौम्य झाले नाही.

"मी प्रत्येक वेळी दाबलं, डोरीन. प्रत्येक वेळी."

"आवाज आला नाही."

"कागदाचा चुरा अडकला होता आत. साडेआठला माझ्या लक्षात आलं. मेजावर आपटल्यावर निघाला." ती थांबली. "आवाज आला नाही हे तुला तेव्हाच कळलं?"

"हो."

"आणि खूण नाही हे पाहिलंस?"

"पाहिलं."

"मी तुला विचारलं होतं. 'काही हवंय का' म्हणून विचारलं होतं मी." बेरिलने आईच्या खोलीचे दार लोटून घेतले. "माझे डोळे यादीत होते. तुझे पत्रिकेवर होते. आणि आता लोक मला बिचारी म्हणतात, दुकानात मी शिरले की बोलणं थांबवतात, आणि तू गावभर हिंडून सह्या गोळा करतेस!"

"याचिकेत पहिलं वाक्य माझं आहे. 'मी पाहिले आणि बोलले नाही.' वाच. तुझ्या आधी मी माझं नाव घातलंय."

"तू घाल. तुझ्या नावाला कोण विचारतं? मी नगरभवनाच्या कामावर असते."

"एका दिवसाचं काम आहे ते, बेरिल. वर्षातून एकदा."

"वर्षातून तेवढा एकच दिवस मी या घराबाहेर असते."

डोरीनने याचिकेचा कागद मेजावर ठेवला. मग ती म्हणाली, "साडेआठला लक्षात आलं तेव्हा केंद्राध्यक्षाला सांगितलंस?"

बेरिलने खिडकीबाहेर पाहिले. "त्यांना सांगितलं. ते म्हणाले, झालं ते झालं, कुठं नोंदत बसायचं."

"हे लिहून दे. एवढंच लिही आणि सही कर. चूक तुझ्यावर राहणारच नाही."

"विचार करते," बेरिल म्हणाली. "खरंच करते."

डोरीनने दोन दिवस वाट पाहिली. सव्वीस मे हा शेवटचा दिवस. कागद लंडनच्या न्यायालयात दुपारी चारच्या आत पोचायला हवे होते आणि युनियनचा माणूस सकाळच्या गाडीचे तिकीट काढून तयार होता. सकाळी साडेसातला दार वाजले. उंबऱ्यावर कोणी नव्हते. तिथे फडक्याने झाकलेली ताटली होती, ताटलीत शहाजिरे घातलेला केक, अजून कोमट, आणि चिठ्ठी : 'प्रिय डोरीन, मला जमणार नाही. आईची प्रकृती बरी नसते. राग नसावा. तुझी, बेरिल. ता. क. ताटली परत करण्याची घाई नाही.'

चौथी सही मिळाली नाही, म्हणून याचिका राहिलीच. डोरीन ताटली घेऊन पुलावर गेली आणि मध्यावरून तो केक कालव्यात भिरकावून दिला. बदकांनी तो खाल्ला की बुडाला, हे बघायला ती थांबली नाही. ताटली मात्र तिने घरी आणून धुतली, पुसली आणि गिरणीतून परतताना बेरिलच्या उंबऱ्यावर ठेवून आली. इतक्या संतापातही दुसऱ्याची ताटली बुडवणे तिला जमले नाही आणि त्या दिवशी तिला सर्वांत जास्त राग आला तो या गोष्टीचा.

मंगळवार, ३१ मे. नगरपरिषदेची सभा. पुलाचा विषय सातवा. टॅटरसॉल बोलायला उभे राहिले, म्हणाले, "गॅस स्ट्रीटच्या मतदारांनी नुकताच आपला स्पष्ट कौल दिला आहे." प्रेक्षकांच्या सज्जात डोरीन उभी राहिली. हॅट, हातमोजे, सगळे जागच्या जागी.

"नऊ मतदारांचा कौल पोत्यात बांधून ठेवलाय तुम्ही," ती म्हणाली. "त्यातला एक माझा आहे."

महापौरांनी चष्म्यावरून पाहिले. "बाई, कृपया खाली बसा. कामकाज खोळंबतंय."

"खोळंबू दे."

"बाई, सगळे थांबलेत."

"थांबू देत! पाच तारखेला थांबवायला हवं होतं ते मी थांबवलं नाही. आज थांबवते. मला कोणीतरी सांगा, साडेआठ वाजता तुमच्या अधिकाऱ्याला कळलं होतं, त्यानं ते का लिहून ठेवलं नाही?"

खाली सभासद आपापल्या कागदांत बघू लागले. अॅक्रॉइड सज्जातच, दोन रांगा मागे होते. तेही आपल्या टोपीत बघू लागले. दोन शिपाई आले आणि तिला कोपराला धरून, अत्यंत अदबीने, जिना उतरवून रस्त्यावर सोडून गेले. एकाने "काळजी घ्या बरं" असेही म्हटले. पंधरा मिनिटांनी ठराव मंजूर झाला. तेवीस विरुद्ध बावीस.

जूनच्या वीस तारखेला पुलाच्या दोन्ही टोकांना फळ्या ठोकल्या. ऑगस्टमध्ये तो कापून नेला. डोरीनने बस बदलून जेवण नेऊन पाहिले. ते थंड होई, दुपारची सुट्टी संपून जाई आणि गिरणीने दोनदा उशिराची ताकीद दिली. मग ती संध्याकाळी जाऊ लागली आणि दुपारी विल्फ पाव खाऊ लागला, मग तोही खायचा कंटाळा करू लागला. सप्टेंबरमध्ये तो खुराड्याच्या पायरीवर पडला आणि शेजारणीला दिसेपर्यंत तीन तास तिथेच होता. तीन ऑक्टोबरला नगरपरिषदेनेच त्याला शहराच्या दुसऱ्या टोकाच्या वृद्धाश्रमात हलवले. कबुतरे दुसऱ्याला दिली. तिथे जेवण साडेअकराला मिळते. ते गरम असते, हे विल्फ मान्य करतो. "पण कुणी चढून आलेलं नसतं," असे तो एकदा म्हणाला आणि नंतर त्याने तो विषय काढला नाही. डोरीन रविवारी जाते. तो तिच्याशी बोलतो. पहिल्यासारखे टोमणे मारत नाही.

निवडणूक अधिकाऱ्याला तिने आजवर सात पत्रे लिहिली. सातही वेळा छापील उत्तर आले : विहित कार्यपद्धतीचे पालन झाले आहे. केंद्राध्यक्षाला पुढच्या निवडणुकीसाठी नेमणूकपत्र गेले आहे. बेरिलला गेलेले नाही. टॅटरसॉल यांची मुदत संपायला अजून तीन वर्षे आहेत. अकरा पत्रिकांचे मोहोरबंद पोते सहा महिन्यांनी, पाच नोव्हेंबरला, नियमानुसार नष्ट होईल.

हे वाचणाऱ्या प्रत्येकाकडे एक मागणी आहे, मग त्याचे शहर कोणतेही असो. सरकारी मेजावरून तुमच्या हातात चुकीचा कागद आला, तर मेज सोडू नका. चूक त्याच क्षणी मोठ्या आवाजात सांगा, ती अधिकाऱ्याकडून वेळ आणि नाव घालून लिहून घ्या आणि लिहून मिळेपर्यंत तिथून हलू नका. आणि तुमच्या पुढचा माणूस असा उभा राहिला, तर त्याला घाई करू नका. त्याच्या कागदावर साक्षीदार म्हणून सही करा.